घरच्यासारखा माणूस आणि कायद्याचा कागद

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या वाचकभगिनींचें लांबलचक पत्र आम्हांस आलें. पत्र खाजगी स्वरूपाचें असल्यामुळें नांवगांव देण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांत विचारलेला प्रश्न आमच्या पुष्कळ वाचककुटुंबांस आज ना उद्यां पडणारा आहे, म्हणून त्यांच्या अनुमतीनें तो येथें मांडतों.

या भगिनींच्या घरीं सासऱ्यांच्या वेळेपासून छापखाना आहे. घर एकत्र. वडील दीर छापखान्याचा कारभार पाहतात, बाईंचे यजमान हिशेब सांभाळतात आणि धाकटे दीर एका मोठ्या संगणक कंपनींत नोकरीला आहेत. छापखान्यांत एकंदर चौदा माणसें कामाला. त्यांपैकीं पुस्तकबांधणीचें काम करणारे एक गृहस्थ चोवीस वर्षें तेथें होते. घरांतील मुलें त्यांस 'काका' म्हणत. गणपतींत आरतीला ते, दिवाळींत फराळाच्या पहिल्या ताटाला ते. त्यांच्या मुलीच्या लग्नांत सासऱ्यांनीं सढळ हातानें मदत केली होती आणि ती कधीं परत मागितली नाहीं. गेल्या माघांत हे गृहस्थ हृदयविकारानें अकस्मात् वारले. तेरावा झाल्यावर कांहीं दिवसांनीं त्यांची पत्नी घरीं आली. बोलणें झालें, डोळे पुसून झाले, आणि उठतां उठतां तिनें हळूच विचारलें, "वहिनी, ह्यांचें तिकडून कांहीं निघत असेल कां हो?"

"या एका प्रश्नानें आमच्या घरांत दोन पक्ष झाले आहेत," असें त्या लिहितात. वडील दीर म्हणतात, "त्याला आपण नोकर म्हणून कधीं वागविलेंच नाहीं. घरच्यासारखा होता. लग्नाला दिलें, दुखण्याला दिलें. आतांही वहिनींच्या हातांत पन्नास हजार ठेवूं. पण 'निघतें' हा शब्द मनाला लागतो." धाकटे दीर म्हणतात, "दादा, आमच्या कंपनींत हाच माणूस असता तर तिसाव्या दिवसाच्या आंत हिशेब त्याच्या घरीं पोंचला असता. तेथें त्याला कोणी काका म्हणत नव्हतें, एवढेंच." यजमानांनीं कपाट शोधलें, तर त्या गृहस्थांच्या नांवाचा एक कागद सांपडला नाहीं. नेमणुकीचें पत्र नाहीं, पगाराची पावती नाहीं, वारस कोण याची नोंद नाहीं. "यांत खरें कोणाचें?" असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर आधीं सांगतों आणि मग कारणें देतों. वडील दिरांची माया खरी आहे. परंतु तिची पाळी दुसरी. पहिली पाळी कायद्याच्या देण्याची. तें देणें पुरें झाल्यावर मायेनें जें द्यावयाचें तें अवश्य द्यावें. मायेच्या देण्यानें कायद्याचें देणें मात्र फिटत नाहीं.

आतां हें देणें किती तें पाहूं. ग्रॅच्युइटीचा कायदा आपल्याकडे १९७२ सालीं झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारनें जुने एकोणतीस कामगार कायदे एकत्र करून चार श्रमसंहिता अमलांत आणल्या, आणि ग्रॅच्युइटीचा विषय त्यांपैकीं सामाजिक सुरक्षा संहितेंत आला. तत्त्व तेंच राहिलें आहे. जेथें दहा किंवा अधिक माणसें काम करतात तेथें, पांच वर्षें अखंड सेवा केलेल्या माणसास, प्रत्येक वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन द्यावें लागतें. माणूस सेवेंत असतां मृत्यु पावला किंवा कायमचा अपंग झाला, तर पांच वर्षांची अटही नाहीं. नव्या संहितेनें ठराविक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांसही एक वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणांत हा हक्क दिला आहे.

हिशेब करण्याची रीत अगदीं सोपी आहे. महिन्याचें वेतन सव्वीसांनीं भागावें, पंधरांनीं गुणावें, आणि सेवेच्या वर्षांनीं पुन्हां गुणावें. भगिनींनीं त्या गृहस्थांचा शेवटचा पगार २०,८०० रुपये कळविला आहे. त्याचें रोजचें वेतन ८०० रुपये, पंधरा दिवसांचें १२,००० रुपये, आणि चोवीस वर्षांचे एकंदर २,८८,००० रुपये होतात. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांच्या आंत ती द्यावयाची असते. उशीर झाला तर व्याज चढतें. विधवेनें अर्ज केला नाहीं, ही सबबही चालत नाहीं. हिशेब करून पोंचविणें हें मालकाचें काम आहे. लग्नांत दिलेली मदत यांतून वजा करावी, असा विचार कोणाच्या मनांत आला असल्यास तो काढून टाकावा. देणाऱ्यानें ती देणगी म्हणून दिली, घेणाऱ्यानें ती देणगी म्हणून घेतली. मरणानंतर तिचें कर्ज करतां येत नाहीं.

पन्नास हजार आणि दोन लक्ष अठ्ठ्याऐंशी हजार! वडील दिरांच्या मनांत फसविण्याचा हेतु तिळमात्र नव्हता, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. तरीही फरक एवढा पडला. आणि ती बाई भिडेची निघाली असती, तिनें उठतां उठतां तो प्रश्न विचारला नसता, तर पन्नास हजारांवरच सारें मिटलें असतें, आणि आपण फार केलें असें घरांतील सर्वांस मनापासून वाटलें असतें.

'घरच्यासारखा' या शब्दाविषयीं आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांनीं थोडें आंत शिरून पाहावें. घरच्या माणसास घराच्या मिळकतींत वांटा असतो. भाऊ भांडला, महिनाभर कामाला गेला नाहीं, तरी त्याचा वांटा बुडत नाहीं. या बांधणीवाल्या गृहस्थांस घराच्या सुखदुःखांत स्थान होतें, वाटणींत नव्हतें. घरच्यासारखें म्हणून त्यांनीं दिवाळीअंकांच्या दिवसांत रात्री दहापर्यंत थांबावें. घरच्यासारखें म्हणून जादा तासांचें बोलूं नये. घरच्यासारखें म्हणून पगार वाढवून मागूं नये. या शब्दाचा उपयोग नेमका कोणत्या बाजूनें अधिक होतो, हें प्रत्येक मालकानें आपल्या मनाशीं तपासून पाहावें. जादा कामाचें वेतन दुपटीनें द्यावयाचें असतें, हें किती घरगुती धंद्यांत पाळलें जातें?

मर्जी आणि हक्क यांतील अंतर आमच्या घरांस नवीन नाहीं. आपल्याच आज्या-पणज्यांच्या पिढींत घरांतील विधवा स्त्रिया कोणाच्या आधारावर जगत? दीर भला असला तर पोटभर अन्न आणि वर्षाचीं दोन लुगडीं. त्याची मर्जी फिरली तर तेंही नाहीं. दीर भले नव्हते असें नव्हे, पुष्कळ होते. परंतु भलेपणावर जगणाऱ्या बाईला रोज त्या भलेपणाकडे डोळे लावून बसावें लागे. १९३७ च्या कायद्यानें विधवेला पतीच्या हिश्शांत मर्यादित हक्क मिळाला, १९५६ च्या वारसा कायद्यानें तो पुरा झाला, आणि २००५ च्या दुरुस्तीनें मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलांच्या बरोबरीचा हक्क आला. प्रत्येक वेळीं घर मोडेल, माया आटेल अशी ओरड झाली. घरें कांहीं त्यामुळें मोडलीं नाहींत. उलट जी बाई पूर्वीं मागत असे ती आतां सांगूं लागली. ज्या घरांनीं हें पाहिलें, त्यांस कामगाराचा हक्क आणि मालकाची माया यांतील भेद अधिक समजावून सांगावा लागूं नये.

कित्येकांस वाटतें कीं हे कायदे म्हणजे परदेशी कंपन्यांबरोबर आलेली नवी टूम. तसें मुळींच नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांस आठवड्याची सुटी नव्हती, त्या काळीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संस्था काढली आणि सतत खटपट करून १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मिळविली. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई प्रांतांत १९२९ सालींच झाला; तत्पूर्वीं कायदेमंडळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याचा हिरिरीनें पुरस्कार केला होता. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यांत आठ तासांचा दिवस १९१२ सालीं सुरू झाला, प्रॉव्हिडंट फंड १९२० सालीं आणि निवृत्त होणाऱ्यांस ग्रॅच्युइटी १९३७ सालीं. सरकारी कायद्यानें प्रॉव्हिडंट फंड आला तो १९५२ सालीं, आणि ग्रॅच्युइटी १९७२ सालीं. म्हणजे एका शहाण्या मालकानें जें आपण होऊन केलें, तें सर्व मालकांस करावयास लावण्यास कायद्याला पुढें तीस-पस्तीस वर्षें लागलीं. पुष्कळ कायद्यांची जन्मकथा अशीच आहे. कोठें कामगारांनीं झगडून मिळविलें, कोठें चांगल्या मालकानें आधीं करून दाखविलें, आणि मग तें सर्वांस लागू झालें.

आजकाल मोठ्या कंपन्यांतून मनुष्यबळाचें स्वतंत्र खातें असतें; आमच्या घरांतील मुलें-सुना त्यास एच्. आर. म्हणतात. त्या खात्याचीं भपकेदार नांवें आणि समारंभ सोडून दिले, तर आंत राहतो तो एक साधा नियम: माणसाशीं जें ठरलें तें लिहून ठेवावें, आणि जें लिहिलें तें पाळावें. चौदा माणसांच्या छापखान्यास स्वतंत्र खातें नको. एक कपाट, प्रत्येकाच्या नांवाची एक फाइल, आणि महिन्यांतून एक दुपार पुरे. त्या फाइलींत काय असावें तेवढें सांगतों.

पहिला कागद नेमणूकपत्राचा. काम कोणतें, वेतन किती आणि त्यांत कोणकोणत्या बाबी, तास किती, रजा किती, नोकरी सोडतांना किंवा सोडवितांना सूचना किती दिवसांची, एवढें त्यांत यावें. नव्या संहितेनें दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांत नेमणूकपत्र देणें बंधनकारक केलें आहे. जीं माणसें पूर्वींपासून कामाला आहेत त्यांसही आतां तें द्यावें. वीस वर्षांच्या माणसास आतां पत्र कसलें द्यावयाचें, असा संकोच वाटेल. परंतु तें हातांत घेतांना त्या माणसाचा चेहरा पाहावा, म्हणजे संकोच राहणार नाहीं.

दुसरा कागद पगाराच्या पावतीचा. पगार महिना संपल्यावर सात तारखेच्या आंत झाला पाहिजे, आणि कापलेली प्रत्येक रक्कम पावतींत दिसली पाहिजे. नोकरी सोडणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा असें वेतनसंहिता सांगते. 'पुढच्या महिन्यांत ये, बघूं' हें वाक्य यापुढें विसरावें. येथेंच आमच्या नोकरदार वाचकांसही एक सूचना. मूळ वेतन लहान आणि भत्ते मोठे ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं पडली होती. त्यामुळें महिन्याचा आंकडा मोठा दिसे, पण फंड आणि ग्रॅच्युइटी लहान मूळ वेतनावर मोजली जाई. आतां वगळलेले भत्ते एकंदर मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनांतच धरला जातो. घरांतील मुलाला किंवा सुनेला नवें नेमणूकपत्र आलें, तर नुसता खालचा मोठा आंकडा न पाहतां सगळीं पानें वाचावयास सांगावें.

तिसरा कागद वारसनोंदीचा आणि विम्याचा. दहा किंवा अधिक माणसें असलीं कीं राज्य विमा योजना लागू होते. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या माणसामागें मालक सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, आणि त्यांतून साऱ्या कुटुंबाच्या औषधपाण्याची सोय होते. प्रॉव्हिडंट फंड सक्तीचा होतो तो वीस माणसांपासून; चौदा माणसांच्या छापखान्यावर ती सक्ती नाहीं, परंतु स्वेच्छेनें त्यांत सामील होतां येतें. आमच्या भगिनींच्या घरानें तें वेळींच केलें असतें, तर आज त्या बाईला दुसऱ्या कोणाच्या दारीं जाऊन विचारावें लागलें नसतें.

स्त्रियांच्या बाबतींत मात्र नुसत्या फाइलीनें भागत नाहीं. बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांपर्यंत सव्वीस आठवड्यांची आहे, आणि त्या रजेंत असतां बाईला कामावरून काढतां येत नाहीं. तेंच काम करणाऱ्या बाईला पुरुषाहून कमी वेतन देणें बेकायदा आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट लैंगिक छळाच्या प्रतिबंधाची. राजस्थानांतील एका कामकरी स्त्रीवरील अत्याचारानंतर 'विशाखा' नांवाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं, आणि २०१३ सालीं कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक ठिकाणीं अंतर्गत समिति हवी. तिच्या अध्यक्षस्थानीं बाई हवी, निम्म्या तरी सभासद स्त्रिया हव्यात, आणि एक सभासद बाहेरचा हवा. तक्रार साधारणपणें तीन महिन्यांत करावयाची आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करावयाची. बाहेरचा सभासद कशाला, असें घरगुती धंद्यांतील मंडळी विचारतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो मालकाचा पुतण्या असूं शकतो, म्हणून! काका न्यायाधीश आणि पुतण्या आरोपी, अशा ठिकाणीं कोणती मुलगी तोंड उघडील?

अखेरचा मुद्दा शिक्षेचा. गल्ल्यांत पैसे कमी आले, कागदाचें रीम नाहींसें झालें, आणि संशय एकावर गेला, कीं आपल्याकडे त्याच संध्याकाळीं त्याला घरीं पाठविण्याची पद्धत आहे. हें करूं नये. आरोप लिहून द्यावा, उत्तराला वेळ द्यावा, त्याचे साक्षीदार ऐकावे, आणि ज्यानें आरोप केला त्यानेंच निकाल देऊं नये. नुकसानीची रक्कम पगारांतून कापण्यापूर्वींही त्या माणसास आपली बाजू मांडूं द्यावी लागते. घरांत दोन मुलांचें भांडण मिटवितांना शहाणी आजी दोघांचेंही ऐकून घेते. कायदा मालकाकडून याहून निराळें कांहीं मागत नाहीं.

येथवर वाचून, आमचा कांहीं छापखाना नाहीं, असें म्हणून पान उलटणाऱ्या भगिनींस एक शब्द. आपल्या स्वयंपाकघरांत रोज येणाऱ्या बाई आहेत ना? त्यांच्यासाठीं महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०१३ च्या ज्या कायद्याविषयीं वर लिहिलें तो आपल्या घरासही कामाची जागा मानतो, आणि छळ झाल्यास त्यांस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातां येतें. याखेरीज घरापुरतें आपण ठरवावयाचें बरेंच उरतें. आठवड्याची सुटी कोणती? आजारपणाचे खाडे कापावयाचे कीं नाहींत? आपण महिनाभर परगांवीं गेलों तर त्या महिन्याचा पगार द्यावयाचा कीं नाहीं? जुनी साडी आणि उरलेली पोळी आपण मोठ्या मनानें देतों; या तीन प्रश्नांचीं उत्तरें मात्र आपण त्यांस कधीं सांगितलेलीं नसतात. एका वहीच्या पानावर तीं लिहावीं आणि त्यांना वाचून दाखवावीं.

आतां भगिनींच्या पत्राकडे वळून संपवितों. आपले धाकटे दीर बरोबर सांगतात, आणि आपले वडील दीर मनानें चांगले आहेत. दोन्ही गोष्टी एकाच घरांत असणें हें भाग्य समजावें. त्या बाईंस पुन्हां आपल्या दारीं येऊं देऊं नये. २,८८,००० रुपयांचा धनादेश, राहिलेल्या दिवसांचा पगार आणि साध्या मराठींत लिहिलेला हिशेबाचा कागद घेऊन वडील दिरांनीं स्वतः त्यांच्या घरीं जावें. तीस दिवस उलटून गेले असतील तर व्याजही त्यांत धरावें. 'आम्ही मदत म्हणून देतों' असें म्हणूं नये. 'हें तुमचें आहे, उशीर झाला' असें म्हणावें. पोंच घ्यावी. आणि हें सर्व झाल्यावर पन्नास हजार द्यावेसे वाटले तर तेही अवश्य द्यावे. ती मात्र खरीखुरी माया होईल, आणि बाई ती मान खालीं न घालतां घेऊं शकतील.

दुसऱ्या दिवशीं छापखान्यांत जाऊन उरलेल्या तेरा जणांच्या फाइली उघडाव्या. त्यांतील कोणाला तेथें किती वर्षें झालीं हें आज घरांत कोणालाही नक्की सांगतां येणार नाहीं, असा आमचा अंदाज आहे. तेव्हां प्रारंभ तेथूनच करावा.